पुतळीपुढे कुंटे वकील

कुंटे वकिलांनी कोर्ट सोडलं, तेव्हा ठाण्याच्या बाररूममध्ये कुणाचा विश्वासच बसला नाही. मास्तर रिटायर होतो, तारमास्तर होतो, मुन्सफसुद्धा होतो. पण वकील? यमाने स्वतः येऊन समन्स बजावलं तरच वकिलाच्या अंगातला काळा कोट निघतो, अशी तिकडची रीत. आणि श्रीपादराव कुंट्यांचं तर काही बिघडलेलंही नव्हतं. साठी उलटली होती, पण दात जागच्या जागी होते, आणि आवाज असा की ते कोर्टात बोलायला लागले की बाहेरच्या झाडाखालचे अशील गप्प व्हायचे.

झालं होतं एवढंच, की त्यांनी एक खटला जिंकला. दोन भावांच्या वाटणीचा दिवाणी दावा. तो चालता चालता दोन्ही भाऊ मेले, मुलं म्हातारी झाली, आणि निकाल लागला तेव्हा नातवंडं उभी होती, एकमेकांची तोंडंही न ओळखणारी. जिंकलेल्या नातवाने पेढे आणले. कुंट्यांनी पेढा तोंडात टाकला आणि तो काही केल्या गिळेना. त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितलं, "पुरे झालं. डोंबिवलीला जाऊ."

डोंबिवलीला त्यांनी फार पूर्वी जागा घेऊन ठेवली होती. तेव्हा लोक हसले होते. डोंबिवली म्हणजे स्टेशन, चार वाड्या आणि बाकी भाताची शेतं. पण त्रेपन्न साली तिथे चांगली वस्ती व्हायला लागली होती, आणि कुंट्यांचं तीन खोल्यांचं घर, पुढे ओटी, मागे विहीर, असं छान बसलं होतं.

सुमतीबाईंना वाटलं, आता निवांत. कसलं निवांत आणि कसलं काय. चाळीस वर्षं उलटतपासणी घेतलेला माणूस, त्याला रिकामा ठेवला तर तो कुणाची घेणार? शेवंती भाजी घेऊन यायची. "वांगी ताजी आहेत म्हणतेस. कधी तोडलीस?" "सकाळी." "सकाळी म्हणजे उजाडण्यापूर्वी की नंतर?" "जरा आधी." "म्हणजे अंधारात. मग अंधारात तुला किडकं कुठलं आणि चांगलं कुठलं ते दिसलं कसं?" चौथ्या दिवशी शेवंती समोरच्या बोळातून जायला लागली. कुंट्यांच्या घरी आठवडाभर डाळच शिजली.

"अहो," सुमतीबाई म्हणाल्या, "काहीतरी करा. नाहीतर मी तरी ठाण्याला परत जाते."

तेव्हा कुंट्यांनी ते काढलं. लग्न झाल्यापासून दर दोन-चार वर्षांनी काढायचे आणि सगळे हसायचे ते. "म्हैस पाळू या का?"

आता यात हसण्यासारखं काय होतं ते सांगायला नको. पण कुंट्यांच्या मनात ते खरंच होतं. लहानपणी गुहागरकडे त्यांचं घर, दारात एक म्हैस. आई धार काढायला बसली की हा पोरगा शेजारी तोंड उघडून उभा. मग एक धार चरवीत आणि एक याच्या तोंडात. पुढे आई गेली, म्हैस विकली, आणि पोराला शिकायला ठाण्याला धाडलं, वारावर जेवायला. सात घरी सात वार. तिथे दूध कोण देणार? तेव्हापासून ती म्हैस त्यांच्या डोक्यात बांधलेली होती, आणि गवळ्याचं पाणीदार दूध पिता पिता चाळीस वर्षं गेली होती.

सुमतीबाई म्हणाल्या, "पाळा. पण एक सांगून ठेवते. शेण तुम्ही काढायचं, आंबोण तुम्ही भिजवायचं, धारही तुम्ही काढायची. मी कासेला हात लावणार नाही. माहेरी लावला तेवढा पुरे झाला."

म्हैस मिळाली ती आयरे गावातल्या धाकूची. हा धाकू एकदा कुंट्यांसमोर साक्षीला उभा राहिला होता, शिवेच्या भांडणात. कुंट्यांनी त्याला सकाळपासून दुपारपर्यंत घुमवला होता, पण पठ्ठ्या हलला नव्हता. आता त्याची बायको तुळसा लेकीच्या बाळंतपणाला टिटवाळ्याला निघाली होती. धाकू स्वतः पहाटेपासून मिठागरावर. म्हैस नुकती व्यायलेली, घरात धार काढायला कुणी नाही, म्हणून विकायची.

"पुतळी नाव हाय तिचा," धाकू म्हणाला. "गुनी हाय. पन एक सांगतो वकील, त्या दिशी कोर्टान तुमी मना घाम फोडलावता. आता ही तुमाला फोडल."

"बघू या," कुंटे म्हणाले. त्यांना ते आवडलं. आव्हान दिलं की त्यांच्या मिशा जरा वर व्हायच्या.

तुळसा टिटवाळ्याला जायच्या आधी रोज मागच्या नव्या गोठ्यात येऊन धार काढायची आणि वकिलांना शिकवायची. बाई बुटकी, काळीसावळी, गुडघ्याच्या वर खोचलेलं तांबडं लुगडं, आणि तोंडाने सतत काहीतरी चाललेलं. आधी रेडकू सोडायचं, चार घोट पिऊ द्यायचे, पुतळीने पान्हा सोडला की रेडकू ओढून बाजूला बांधायचं आणि आपण बसायचं. मग ती म्हशीशी बोलायची. "सोड गो बाय, सोड. कोन नाय आला, मीच हाय. सोड गो बाय." आणि चरवीत धारा अशा वाजायच्या की सुमतीबाई आतून म्हणायच्या, भरली बघा.

"आंगठा आत घ्या वकील. तसा नाय, तसा नाय. ती दाराची कडी हाय का, वढाला?"

कुंटे शिकत होते. चाळीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं, आणि गंमत अशी की त्यांना त्याचा राग येत नव्हता. रात्री जेवताना ते बोलायचे. सरकी किती भिजवली, रेडकू कसं ढुशा देतं, शेणाच्या पाटीचं वजन. सुमतीबाई वाढता वाढता ऐकायच्या. ठाण्यात हा माणूस कोर्टातून यायचा तो सगळा आवाज तिकडेच संपवून. घरात फक्त "ताक आहे का" एवढंच. आता शेणावरसुद्धा पाऊण तास. पदार्थांची नावं घेत जेवत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बोलल्या नाहीत. बोललं की दृष्ट लागते.

आणि अशातच काळुरामशेठ आला.

काळुराम कल्याणचा, भाताच्या गिरणीचा मालक. शहाडकडे त्याच्या बापाची जमीन होती, आजवर गवत कापायला कुणी जात नव्हतं. आता तिकडे कारखाने येणार म्हटल्यावर तीच जमीन सोन्याची झाली होती, आणि काळुरामला आठवलं होतं की धाकटा भाऊ सहदेव याचा तिच्यावर तसा काही हक्क नाही. त्याने ओटीवर बसून कागद पसरले, दावा सांगितला, आणि शेवटी म्हणाला, "वकीलसाहेब, हे काम तुमच्याशिवाय कुणाचं नाही. तुम्ही म्हशीत काय अडकलात? हत्ती चिखलात बसल्यासारखं वाटतं बघा."

आता कुंटे माणूसच होते. कागद पाहिल्यावर त्यांचे डोळे आपोआप चालू लागले. कुठे फट आहे, कुठे पाचर मारायची, सगळं दिसायला लागलं. हत्ती म्हटलेलंही बरं वाटलं. ते म्हणाले, "गुरुवारी सकाळी या. हो की नाही ते सांगतो."

काळुराम गेल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "म्हणजे हो."

"तसं नाही. तुळसा रविवारी जाते. गुरुवारपर्यंत पुतळीने माझ्या हाताला धार दिली, तर काळुरामला नाही म्हणायचं, कायमचं. नाही दिली, तर म्हैस धाकूला परत आणि मी कोर्टात. जे आपल्याला येत नाही ते म्हातारपणी करत बसण्यात अर्थ नाही."

पाहिलंत? स्वतःच्या आयुष्याचा निकाल कुणावर सोपवला, तर एका म्हशीवर. मुन्सफ तरी कसा निवडला बघा.

रविवारी तुळसा गेली. सोमवारी पहाटे कुंटे बसले. रेडकू सोडलं, पुतळीने पान्हा सोडला. रेडकू ओढलं, कुंटे बसले, अंगठा आत घेतला, आणि पुतळीने मान वळवून पाहिलं. धोतर, अंगरखा, मिशा. तिने पान्हा असा चोरला की जसं काही दूध नावाची वस्तू तिने ऐकलीच नव्हती. कुंट्यांनी ओढलं, चोळलं, थोपटलं. शेवटी समजावायला लागले. तेही त्यांच्या त्या आवाजात. "हे बघ पुतळी, तुझा विरोध निराधार आहे." पुतळीने शेपटी मारली ती चष्म्यावर. चष्मा शेणात.

मंगळवारी तेच. धाकू मिठागरावरून येताना डोकावला. "कोरडी पाडशीला हां," तो म्हणाला. "दूध नाय काढला तं ती आटंल. मंग मी घेऊन काय करू? कल्यानच्या येपाऱ्याला द्यावी लागंल." कुंटे रिकामी चरवी विसळत राहिले. रेडकू मात्र दोन्ही वेळचं पिऊन टरारलं होतं.

बुधवारी तर शेजारच्या गोदूबाई कुंपणाशी येऊन उभ्याच राहिल्या. गोदूबाई म्हणजे डोंबिवलीचं वर्तमानपत्र, सकाळची आणि संध्याकाळची आवृत्ती. "वकील, म्हैस दाद देत नाही वाटतं? अपील करा हो." आणि हसत हसत पुढच्या घरी गेल्या.

बुधवारी दुपारी सुमतीबाई वाळवण काढायला मागे आल्या, तर दोरीवर काळा कोट. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटलेला. श्रीपादराव विहिरीच्या काठावर बसले होते, पुतळीकडे पाठ करून. जेवतानाही बोलले नव्हते. "ताक आहे का" म्हणाले होते.

ठाण्यातले ते तीन शब्द सुमतीबाईंनी बरोबर ओळखले होते. आता कोट पाहिल्यावर त्यांनी पदर खोचला.

"अहो, माझ्या माहेरी आई आजारी पडली तेव्हा म्हैस गड्याला दूध देईना. माहीत आहे काय केलं? गड्याला आईचं लुगडं गुंडाळायला लावलं. अंगावरचं, न धुतलेलं. म्हशीला माणूस कळत नाही, वास कळतो, कपडा कळतो. धाकूकडे तुळसाचं लुगडं असेल. मागवते."

कुंटे वळले. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत तेच."

"मी लुगडं नेसू?"

"गुंडाळा. धोतरावरून. आणि तोंडानेही तिच्यासारखं बोला. तुमचं ते निराधार आणि साधार ऐकून म्हैस काय, मीसुद्धा पान्हा चोरीन."

"अगं, चाळीस वर्षं या जिल्ह्यात लोक मला उठून नमस्कार करतात. कुणी पाहिलं तर..."

"चाळीस वर्षं काळा कोट घालून माणसं पिळलीत तेव्हा नाही लाज वाटली. आता एक लुगडं गुंडाळून म्हैस पिळायला कसली लाज?"

हे जरा जास्तच झालं. सुमतीबाईंनाही कळलं. कुंटे उठून आत गेले. पण संध्याकाळी धाकू पाटीत घालून लुगडं देऊन गेला, आणि वकिलांनी ते पाहिलं, आणि नको म्हणाले नाहीत.

गुरुवारी झुंजुमुंजू होत होतं. काळुराम आला तर आठच्या गाडीने येणार, गोदूबाई तोवर पूजेत, असा सगळा हिशेब करून कुंटे गोठ्यात शिरले. सुमतीबाईंनी त्यांच्या कमरेभोवती ते तांबडं लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हनुवटीखाली खोचला. मिशा बाहेरच राहिल्या, त्याला इलाज नव्हता. त्यांनी हसू दाबलं. दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं आणि त्या बाहेर गेल्या.

रेडकू सोडलं. पान्हा आला. रेडकू बांधलं. कुंटे उकिडवे बसले, चरवी गुडघ्यांत धरली. पुतळीने मान वळवली. लांब वास घेतला. कुंट्यांचा श्वास अडकला होता, कोर्टात निकाल ऐकतानासुद्धा कधी असा अडकला नव्हता. मग घसा मोकळा करून, अगदी खालच्या आवाजात, "सोड गो बाय," ते म्हणाले. "सोड. कोन नाय आला. मीच हाय."

पुतळीने मान पुढे केली आणि आंबोणात तोंड घातलं. आणि धार आली. आधी चरवीच्या तळाला टणकन, मग दुसरी, मग दोन्ही हातांनी सारख्या. फेस वर चढू लागला. कुंट्यांच्या नाकाशी तो ऊन वास आला आणि ते गुहागरच्या गोठ्यात होते, तोंड उघडून उभे.

आणि नेमका त्याच वेळी काळुराम आला. पहिल्याच गाडीने. ज्याला भावाची जमीन हवी असते त्याला झोप कुठून लागणार? सुमतीबाई त्याला ओटीवर बसवत होत्या, "अंघोळीला गेलेत, बसा, चहा ठेवते" म्हणत होत्या, पण त्याला मागून वकिलांचा आवाज ऐकू आला आणि तो सरळ घराला वळसा घालून गोठ्याच्या दारात उभा राहिला.

"वकीलसाहेब?"

पुतळीचे कान ताठ झाले. धार बारीक झाली. कुंट्यांना कळलं, आता उठलो, किंवा त्या कोर्टाच्या आवाजात एक शब्द बोललो, तर संपलं. पाठीमागे कोण उभं आहे ते त्यांना माहीत होतं. आज दुपारपर्यंत ठाण्याच्या बाररूममध्ये काय पोचणार तेही माहीत होतं. एकदा वाटलं, पदर तरी खाली घ्यावा.

नाही घेतला. मान न वळवता, त्याच सुरात ते म्हणाले, "कोन नाय गो बाय. काळुराम आलाय. उभा ऱ्हाऊ दे त्याला. सोड गो बाय."

धार परत लागली.

काळुरामने वाकून पदराखालच्या मिशा पाहिल्या. मग म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय गो बाय, बरी हाय."

"मी कागद आणलेत. वकीलपत्र लिहूनच आणलंय. तुम्ही फक्त सही..."

"कागद परत ने गो बाय. वकील नाय येत कोर्टात. सोड गो बाय, सोड."

"पण का? फीचं काही असेल तर सांगा. तुम्ही म्हणाल ती."

"नको गो बाय. काय नको."

"मग मी काय करू? सहदेवाला सगळं सोडून देऊ?"

आता कुंट्यांनी कपाळ पुतळीच्या कुशीला टेकवलं. हात मात्र चालू होते. "त्याने पन तुज्याच आयशीचा दूध पिलाय गो बाय," ते म्हणाले. "तुजाच भाऊ हाय."

काळुरामचं तोंड उतरलं. पुतळी रवंथ करत होती, तिला भाऊ नव्हता. तो दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "हे तुम्ही मला सांगताय का म्हशीला?"

सुमतीबाई मागे येऊन उभ्या होत्या. "दोघांना," त्या म्हणाल्या. "चला, चहा झालाय."

त्याने ओटीवर बसून ताज्या दुधाचा चहा घेतला. कागदांची गुंडाळी केली, ती उगीचच दोनदा सोडून परत बांधली. मग "दुसरा वकील बघावा लागेल" असं म्हणून स्टेशनकडे गेला. ठाण्याच्या गाडीत बसला की कल्याणच्या, ते कुणी पाहिलं नाही. गोदूबाई पूजेत होत्या.

कुंटे भरलेली चरवी घेऊन स्वयंपाकघरात आले. डोक्यावरचा पदर अजून तसाच. चरवी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तो सांगणार सगळीकडे," सुमतीबाई म्हणाल्या.

"सांगेल."

"बाररूममध्ये हसतील."

"हसू देत. मी त्यांना कमी हसलोय का?" मग जरा थांबून, "हे किती झालं असेल गं? तुळसा काढायची त्याहून कमी नाही ना?"

"दोन बोटं कमी. पण तिचा हात जन्माचा आहे."

"उद्या एक बोट भरून काढतो," ते म्हणाले, आणि मग जे बोलायला लागले ते जेवण होईपर्यंत थांबले नाहीत. धार कशी आली, मान कशी वळवली, अंगठा कुठे होता. सुमतीबाईंनी ते चार वेळा ऐकलं आणि दर वेळी "हो का" म्हणाल्या.

पण खरी परीक्षा पुढेच होती. म्हशीला सकाळ असते तशी संध्याकाळही असते. गोदूबाईंची पूजा आटोपली, आणि सकाळची आवृत्ती निघाली. बातमी कशी कळली ते विचारू नये. चार वाजल्यापासून कुंपणाशी माणसं जमायला लागली. गोदूबाई पुढे, त्यांच्या मागे त्यांच्या दोन जावा, शेवंती भाजीची पाटी टेकवून, मिठागरावरून परतलेला धाकू. सगळे उगीचच आपापल्या कामाला आल्यासारखे.

सुमतीबाईंनी खिडकीतून पाहिलं. "अहो, आज मी काढते," त्या म्हणाल्या. "एक दिवस. पहाटे पुन्हा तुम्ही."

"तू कासेला हात लावणार नाहीस, ठरलंय आपलं," कुंटे म्हणाले. त्यांनी खुंटीवरचं लुगडं काढलं, स्वतःच गुंडाळलं, पदर घेतला, चरवी उचलली आणि दार उघडून अंगणात उतरले. लख्ख उजेडात, सगळ्यांदेखत.

कुंपणाशी शेवंतीने तोंडावर हात ठेवला. मग गोदूबाईंना राहवलं नाही.

"वकील, निऱ्या चुकल्यात तुमच्या. डावीकडे गेल्यात."

कुंटे थांबले. खाली पाहिलं. खरंच चुकल्या होत्या.

"हरकत मंजूर," ते म्हणाले. चरवी खाली ठेवली, निऱ्या सोडल्या, गोदूबाईंच्या समोर उभं राहून पुन्हा नीट घातल्या, आणि गोठ्यात गेले. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला, "सोड गो बाय, सोड," आणि मग चरवीचा.